दारावर बसलेली बाई

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. त्याची बायको, म्हणजे माझी सूनच, म्हणाली, "मावशी, हे उठतच नाहीत..." तसेच तिखट हात घेऊन मी शहाद्याला निघाले. त्याला आता सव्वा महिना झाला. हेमंत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याचा फोटो स्टुडिओ होता, लग्नांचं शूटिंग करायचा, पोटापुरतं मिळवायचा. पण आयुष्यात त्यानं एक पिच्चर काढला. तो चार माणसांपलीकडं कोणी पाहिलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

त्याचा बाप फौजेत होता. लढाईत गेला तेव्हा हेमंत नुकता शाळेत जाऊ लागला होता. आमच्याकडं माणूस गेला की बायका तोंडावर पदर घेऊन त्या घराच्या दारावर येऊन बसतात, गळ्यात पडून रडतात. बहिणीच्या दारावर तशा बायका बसल्या होत्या आणि समोरच्या माडीवर पत्ते चालले होते. कोणीतरी डाव जिंकला, सगळे मोठ्यानं हसले. हेमंत माझ्या मांडीवर होता. त्यानं मान वर करून त्या खिडकीकडं पाहिलं.

पिच्चरमध्ये त्यानं तेच घेतलं. कुठंतरी लढाई चाललेली, रेडिओ बोलतोय, वरून विमानं जाताहेत आणि बंगल्यातली श्रीमंत माणसं झोपाळ्यावर बसून पत्ते खेळताहेत. जेवणात आमरस करायचा की बासुंदी, यावरच किती वेळ बोलतात. मी शूटिंग पाहून म्हटलं, "हाऊ कसा पिच्चर रे? कोनी काहीच करी नही ऱ्हायनं."

"मावशी, तेच दखाडनं शे," तो म्हणाला. तेच दाखवायचं होतं त्याला.

शेवटच्या सीनला त्यानं मला घेतलं. मी बंगल्याच्या दारावर पदर घेऊन बसायचं, आतल्या कोणाला मी दिसायचं नाही, त्यांचा डाव चालूच, संपलं. बंगला एका मारवाडी शेठचा. झोपाळ्यावर पत्ते खेळायला त्यांची म्हातारी आईच, शेठाणीबाई, बसली होती. मी दारावर टेकले आणि शेठाणीबाई पत्ते टाकून उठल्या, पदर ओढून माझ्या गळ्यात पडल्या. हेमंतनं कॅमेरा थांबवला.

"काकी, तुमले ती दिसत नही."

"बरं भाऊ," म्हणाल्या. पुन्हा तेच केलं.

"काकी, तुमी श्रीमंत शेतस. तुमी उठतस नही."

"श्रीमंत तं मी शेच. दारवर बठेल बाईले एकली कशी सोडू? तू आंधळी बाई लई ये."

आंधळी बाई घेऊन ये म्हटल्यावर सगळे हसले. पुढच्या वेळी त्या उठल्या तेव्हा कॅमेऱ्यामागच्या हेमंतनं त्यांना थांबवलं नाही. कॅमेरा चालू राहिला. शेठाणीबाई रडू लागल्या, मग मीही रडले. मेव्हण्याला जाऊन इतकी वर्षं झाली होती, तरी खरंच रडले.

पुण्याच्या जाणकारांनी पिच्चर पाहिला. त्यांना आवडला. फक्त म्हणाले, श्रीमंत बाई उठून दारात आली की सगळं बोथट होतं. शेवट कापा, आम्ही मोठ्या ठिकाणी दाखवू. हेमंत नाही म्हणाला. मी त्याला खुळ्यात काढलं. "काप ना भो. दोन म्हाताऱ्यासनं रडनं कोन देखी?"

"नही कापसू, मावशी." पिच्चर राहिला पडून.

परवा पुण्याहून सुनेला फोन आला. आता हेमंत नाही, तर तिनं परवानगी द्यावी. शेवट कापून दाखवतील. सून म्हणाली, "मावशी, निदान ह्यांचं नाव तरी होईल." खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, आधी मला दाखव.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत, त्याच्या खुर्चीत बसून मी तो पिच्चर पहिल्यांदा पाहिला. खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच होता. शेवटी आम्ही दोघी दारात रडतो आहोत आणि कॅमेऱ्यामागं आणखी कोणीतरी रडतं आहे... आधी दाबून, मग लहान पोरासारखं. त्या दिवशी आमच्याच आवाजात मला ते ऐकू आलं नव्हतं.

सुनेनं विचारलं, "फोनवर काय सांगू?"

"नाही सांग."

ती उठेना. म्हणाली, "परत लावू?"

मी म्हटलं, लाव.