मामांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना भेटायला गेला आणि न हबकता परत आला, असा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. मी स्वतः पहिल्याच सकाळी हबकलो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो होतो. उमरग्यापासून आत, कर्नाटकच्या शिवेला लागून असलेलं गाव. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण पावसानं पुन्हा ओढ दिली होती आणि गावाला टँकर चालू होता. सकाळी उठून ओसरीवर आलो तर बाजेवर एक धिप्पाड गृहस्थ उताणे पडलेले. तोंडावर ओलं पांढरं फडकं, हात छातीवर ठेवलेले, हालचाल काही नाही. मी चपला काढल्या, हात जोडले आणि ही बातमी आत जाऊन कुणाला कशी सांगायची याचा विचार करू लागलो. तेवढ्यात फडक्याखालून आवाज आला, "कोण, जावई का? चहा झाला का न्हाय अजून?"

त्यांनी फडकं बाजूला केलं तर दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या दोन जाड चकत्या. "बसा. म्या उठलो की चकत्या घसरतेत," ते म्हणाले. आतून मामींचा आवाज आला, "जावयाला तरी नीट तोंड दाखवा. पेयाला पाणी न्हाय अन् हे फडकं भिजवून डोळ्याला पाणी पाजायलेत."

थोड्या वेळानं चकत्या उतरल्या आणि मामांचं तोंड दिसलं. त्या तोंडावर दुसरं काही दिसतच नसे. भिजत घातलेली दोन अंजिरं डोळ्यांखाली बसवावीत तशा दोन टपोऱ्या पिशव्या. सकाळी त्या इतक्या फुगलेल्या असत की मामा आपल्याकडे कुंपणावरून वाकून बघतायत असं वाटे. दुपारनंतर त्या जरा उतरत आणि मग मामा जरा हसत. आपल्या डोळ्यांखालच्या दोन बोटं जागेचा इतका विचार करणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात नसेल. आणि हे सगळं रूपासाठी नव्हतं. मामांची सारी तकलीफ निराळीच होती. त्यांना बघितलं की लोकांना वाटे, हा गडी पितो.

मामांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून ते तेही घेत नसत. आणि अशा माणसाला एसटीचा कंडक्टर म्हणे, "काका, मागं बसा, बायामाणसं हायत पुढं." एकदा पुतणीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या बापानं गळाभेट घेताना मामांच्या तोंडाचा वास घेतला. मामांना ते कळलं. त्यांनी गळाभेट सोडली नाही, उलट तोंड उघडून त्याच्या नाकावर मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "नीट घ्या पाव्हणं. शंका ठिवू नगा." मी शेजारी उभा होतो. सोयरीक मोडली असंच मला वाटलं. मोडली नाही, पण नवऱ्या मुलाचा बाप पुढं दिवसभर मामांच्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

त्यात मामा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळानं शेतं हातची गेली तेव्हा म्हशीच्या दोन वेळच्या धारेवर गाव उभं राहिलं होतं, आणि ती सोसायटी मामांनी घरोघर फिरून, लोकांच्या हातापाया पडून उभी केली होती. रोज सकाळी दूध घालायच्या कँडांच्या रांगेपाशी खुर्ची टाकून ते बसत. त्यामुळं पिशव्या सगळ्यात टपोऱ्या असण्याच्या वेळीच सगळं गाव त्यांचं तोंड बघे. वरच्या आळीचे अण्णा म्हणून त्यांचे विरोधक होते. ते रांगेत उभे राहून कुणाला तरी ऐकू जाईल असं म्हणत, "रातच्याला जोरात झालेलं दिसतंय." बस्स, एवढंच. पण त्यानं मामा दिवसभर जळत.

म्हणून ते उपाय करत. जो सांगेल तो आणि जो मिळेल तो. काकडी, बटाटा, चहाच्या उकळलेल्या पत्तीच्या पुरचुंड्या, गार पितळी तांब्याचं बूड, म्हशीच्या दुधाची साय. इथवर माझी ना नव्हती. पण उमरग्याच्या हायवेवर धाब्यापाशी त्यांना एक ट्रक ड्रायव्हर भेटला. त्यानं सांगितलं, मुंबईच्या नटनट्या डोळ्यांखाली मूळव्याधीचं मलम लावतात, त्यानं सगळं आखडतं. मामांनी येता येताच मलमाची नळी घेतली. मी त्या वेळी उमरग्याच्या शाळेत मास्तर होतो आणि शनिवारी दुपारी त्यांच्याकडं जाई. मी नळीवरचं वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. "मामा, हे कुठं लावायचं असतं माहीत आहे का?" मी विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "कातडं ते कातडं. त्याला काय ठावं आपुन कुठं हाय ते?"

मलम त्यांनी संचालकांच्या बैठकीआधी लावलं. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरलं आणि दुधाला भाव का मिळत नाही हे सांगता सांगता मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. संचालक गलबलले. आपल्यासाठी चेअरमन रडतायत हे बघून एकदोघांनी पटक्याच्या टोकानं स्वतःचे डोळे पुसले. मामांनीही खरं काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मामींनी ती नळी उकिरड्यात फेकली आणि म्हणाल्या, "उद्या कुणी शेण लाव म्हणलं तर तेबी लावतेल हे." मामा गंभीरपणे म्हणाले, "म्हशीचं का गाईचं, ते सांगत न्हाईत कुणी."

मला हसू येई आणि भीतीही वाटे. भीती खरी ठरली ती सोसायटीच्या वार्षिक सभेच्या वेळी. त्या सभेत नव्यानं चेअरमन निवडायचा होता आणि अण्णा उभे होते. दारुड्याच्या हाती सोसायटी द्यायची का, असं त्यांची माणसं दारोदार विचारत होती. मामा कावून गेले. उमरग्याच्या बाजारात एका झोळीवाल्यानं त्यांना कसलंसं काळं तेल दिलं आणि सांगितलं, एक दिवस लावा, पिशव्या गळून पडतील. मामांनी पहाटे उठून ते लावलं.

मी त्या दिवशी तिथंच मुक्कामाला होतो. उजाडता उजाडता ओरडणं ऐकून ओसरीवर आलो आणि जागच्या जागी थिजलो. मामांच्या डोळ्यांखाली काळे ओघळ होते, कातडी लालभडक होऊन फुगत चालली होती आणि त्यांना डोळे उघडता येत नव्हते. मामींनी बाटलीचा वास घेतला. "बिब्ब्याचं तेल हाय हे," त्या म्हणाल्या. बिब्ब्यानं हातावरची कातडीसुद्धा फोड येऊन निघते. हे तर डोळ्यांपाशी लावलं होतं.

पुढं मामींनी जे केलं ते बघून मला जो धक्का बसला तसा त्या घरात दुसऱ्या कशाचाही बसला नाही. वाटीभर पाण्यासाठी घर डोक्यावर घेणाऱ्या त्या बाईनं रांजणाचं झाकण उडवलं, मामांचं डोकं एका हातानं मागं धरलं आणि तांब्यामागून तांब्या त्यांच्या डोळ्यांवर ओतायला सुरुवात केली. टँकर पुन्हा येईपर्यंत सगळ्या घरानं प्यायचं ते पाणी. मामा गुदमरत म्हणत होते, "अगं पुरं, पाणी संपंल." मामी म्हणाल्या, "संपू द्या. डोळा गेल्यावर त्या पाण्याला काय करू?" रांजणाचा तळ खरवडेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग अंगणातल्या चिखलात बसून राहिल्या.

सोसायटीच्या दुधाच्या गाडीत, कँडांच्या मध्ये बसवून मी मामांना उमरग्याला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज असा की मामा शाळकरी पोरासारखे बसले. त्यांनी डोळे पुन्हा धुतले, औषध घालून पट्ट्या बांधल्या आणि म्हणाल्या, "बाहेरची कातडी भाजलीय. आतला डोळा वाचलाय, तो घरी पाणी ओतलं म्हणून. कुणी ओतलं?"

"मंडळीनं," मामा म्हणाले.

"त्यांना नमस्कार सांगा माझा." मग त्यांनी विचारलं, सूज कधीपासूनची, सकाळी जास्त असते का, दुसरीकडं कुठं येते का. आणि एकदम खाली बसून त्यांनी मामांचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला.

"म्या डोळ्याचं दाखवायला आलोय बाई, पायाचं न्हाय," मामा पट्टीखालून म्हणाले.

बाईंनी अंगठा उचलला. नडगीवर खळगा पडला होता, कणकेत बोट रुतावं तसा, आणि तो भरून येईना. मी त्या खळग्याकडे बघत राहिलो. बाईंनी लघवी तपासायला घेतली. काचेच्या नळीत ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली आणि बघता बघता वरचा भाग पांढराफटक झाला. मामांना दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, तापवल्यावर पांढरं झालं, घट्ट. सगळी हयात दूध बघण्यात गेलेला तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे फाटलं."

बाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यांखालची सूज बहुतेकांची साधी असते. झोप कमी झाली, मीठ जास्त झालं, वय झालं, घराण्यातच असली, तरी येते. गार पाण्याचं फडकं ठेवावं, उशी जरा उंच घ्यावी, डोळे चोळू नयेत आणि डोळ्यांच्या आसपास कुणी सांगितलं म्हणून काहीही लावू नये. पण सूज हटतच नसेल, पायांवरही येत असेल, तर दुखणं डोळ्यांचं नसतं. "तुमच्या किडनीचं आहे, म्हणूनच लघवी तापवल्यावर पांढरी झाली. सोलापूरला दाखवा. आणि पापड, लोणचं, खारवड्या, मिठाचं ताक आजपासून बंद."

"ताकबी?" मामांनी विचारलं. आजाराचं नाव ऐकून न घाबरलेला माणूस ताकाचं ऐकून खचला.

सभा त्याच दुपारी होती. मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, "न्हाय गेलो तर पिऊन पडला म्हणतेल." डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत माझ्या खांद्यावर हात ठेवून ते सभेत आले. मामा म्हणाले, "म्या पीत न्हाय. माझ्या किडनीला रोग हाय. आज कळलं. पायालाबी सूज हाय, कुणाला बघायची तर बघा." आणि त्यांनी भर सभेत धोतर वर करून पाय पुढं केला.

अण्णा उठून आले. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलणार. त्यांनी खाली बसून मामांच्या नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, उचलला आणि तसेच बसून राहिले. "माझ्या आईचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "तोंड सुजायचं सकाळी. आमी दृष्ट काढत बसलो." मग अण्णांनी मामांचं धोतर खाली सारून नीट केलं आणि म्हणाले, "कुठली डॉक्टरीण ती?" चेअरमन मामाच राहिले.

त्यानंतर मामांनी लोकांना धक्के देण्याचं आपलं काम नव्यानं सुरू केलं. कँडांच्या रांगेपाशी बसून ते आता ज्याच्या त्याच्या डोळ्यांखाली बघत आणि शंका आली की नडगी मागत. दूध खात्याचे एक साहेब तपासणीला आले, तर मामांनी चहाच्या आधी त्यांची विजार वर करायला लावली. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. बायकांच्या नडग्या मामी बघत. एकदा रांगेतल्या एका गरोदर सुनेचं तोंड बघून मामांनी मामींना खूण केली. मामींनी अंगठा दाबला आणि तशाच तिला दुधाच्या गाडीत बसवून उमरग्याला घेऊन गेल्या. बाळंतपण अवघड झालं, पण दोघं वाचली. मामांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नाही. मला ती अण्णांनी सांगितली.

गोळ्या आणि अळणी जेवणावर मामा पुढं बरीच वर्षं होते. पिशव्या उतरल्या, अंगही उतरलं. शेवटी शेवटी ते मला पोचवायला एसटीच्या थांब्यावर येत ते वाटेत दोनदा टेकून. मी नको म्हणे, ते ऐकत नसत. आमच्या शेवटच्या भेटीच्या दिवशीही आले. बस आली, तिच्यातून कडेवर गाठोडं घेतलेली एक अनोळखी म्हातारी उतरली. मी खिडकीशी जाऊन बसलो आणि निरोप घ्यायला हात वर केला, तर मामांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते तिला थांबवून विचारत होते, "आजी, तोंड सुजल्यालं दिसतंय. कधीपासून हाय?" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बस सुटली. धुरळ्यातून मला एवढंच दिसलं की म्हातारीनं गाठोडं खाली ठेवलं आणि मामा काठीवर भार देऊन, सावकाश, तिच्या पायाशी वाकत होते.

त्या पावसाळ्यात ते गेले.