उबाळे आणि पहिला दरवाजा

कुणी "कुठून सुरू करू?" असं विचारलं की गजानन उबाळे आधी चष्मा काढायचा. शर्टाचं टोक ओढून काचा पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पुन्हा पुसायचा. विचारणारा तेवढा वेळ उभा. चष्मा नाकावर चढला की उत्तर यायचं, "पहिल्यापासून." एवढ्या उत्तरासाठी काचा स्वच्छ कशाला लागतात हे मला कधी कळलं नाही. समोरासमोर मी त्याला गजूभाऊ म्हणायचो, अहो-जाहो करायचो. इथे मात्र 'तो'च लिहिणार आहे. तेवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

चिखलीतल्या ज्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे, तिथल्या कम्प्युटर लॅबचा तो इनचार्ज. पाच वाजता तास संपले की लॅबमध्ये त्याचा दरबार भरायचा. चार-सहा विद्यार्थी, एखादा नवा प्राध्यापक आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी. विषय एकच, एक व्हिडिओ गेम. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. त्यात माणूस मेला की त्याची राख होते, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला नुसतं 'राख' म्हणायचे. या राखेचे पाच भाग. प्रत्येक भागात एक अख्खा मुलूख, किल्ले, जंगलं, गावं, रस्ते. कुठेही हिंडा, मनाई नाही; फक्त वाटेत जो भेटेल तो जीव घेतो. पाचही भागांच्या गोष्टी वेगवेगळ्या, त्यामुळे कुठूनही सुरू केलं तरी काही अडत नाही. पहिला भाग सगळ्यात जुना आणि सगळ्यात खडूस. नकाशा नाही, घोडा नाही, आणि सुरुवातीलाच एका किल्ल्याचा दरवाजा. त्यावरचा पहारेकरी दोन फटक्यांत तुमची राख करतो. चौथ्या भागात मात्र आल्याआल्या घोडा मिळतो आणि समोर मोकळा रस्ता. नवख्यानं चौथ्यापासून सुरू करावं, हे थोडं खेळलेल्या कुणालाही कळतं.

उबाळेला ते चालत नसे. "पारायन काय मधूनच सुरू करतेत का बे?" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. त्याच्या जोडीला दुसरं, "ज्यानं पहिला दरवाजा नाई पाह्यला, त्यानं राख पाह्यलीच नाई." चौथ्या भागाचं नाव निघालं की तोंड वाकडं करून म्हणायचा, "घोड्यावर बसा अन् हिंडा. जत्रा हाय ते, गेम नाई." एकदा बी. कॉम.ची एक मुलगी मोठ्या आनंदानं सांगायला आली की तिनं चौथा भाग संपवला. दोन महिने लागले होते तिला. उबाळे तिच्याकडे न बघता म्हणाला, "म्हंजे तुनं अजून सुरूच नाई केला." सगळे हसले. मीही हसलो. ती मुलगी पुन्हा त्या लॅबमध्ये आली नाही.

हा रोग फक्त गेमपुरता नव्हता. एकदा जवळच्या गावातल्या चार अंगणवाडी सेविका आल्या. त्यांना कम्प्युटरवर एक फॉर्म भरायला शिकायचं होतं, आठ दिवसांत. उबाळेनं पहिल्या दिवशी फळ्यावर जगातल्या पहिल्या कम्प्युटरचं चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पिढीचा कम्प्युटर. तिसऱ्या दिवशी त्यातल्या वयस्कर बाईंनी हात वर करून विचारलं, "सर, माउसले हात कवा लावाचा?" तर म्हणाला, "पाया पक्का नसंल तं इमारत कशी उभी राहीन, ताई?" चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. त्यांचा फॉर्म बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं दहा मिनिटांत भरून दिला. उबाळेनं मात्र पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट लोकांना धीर नसतो याचा दाखला म्हणून सांगितली.

अशा माणसाच्या दरबारात मी सात वर्षं बसलो. का बसलो, याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही. कुणीतरी इतक्या खात्रीनं बोलतं आहे म्हणजे त्याला माहीत असणार, असं मला वाटायचं. बावळटपणा दुसरं काय.

मग माझ्या बाबांना लकवा मारला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं मेहकर, चिखली, बुलडाणा, घाट उतरून नांदुरा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. वाचा शाबूत राहिली, पायही महिन्याभरात बराच सुधारला, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा. ज्या हातानं आयुष्यभर गिअर टाकले तोच. फिजिओथेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. बोटं जितकी हलवाल तितकी परत येतील. नंतर फार काही होत नाही." त्यांनी रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दोनदा दाबून पाहिला आणि खिडकीत ठेवून दिला. "चेंडू खेळाले मी काय लेकरू हाय?" आई रोज तो हातात द्यायची, बाबा रोज परत खिडकीत ठेवायचे. एक महिना असाच गेला.

एका रविवारी मी घरच्या कम्प्युटरवर राखेचा एक भाग खेळत होतो. बाबा मागे येऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "हा रस्ता कुठी जाते?" मी म्हटलं, कुठेही जातो. "अन् हे काडी कायची?" खेळताना दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरच्या डाव्या बाजूला अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते, तिनं माणूस चालतो. बाबांनी डावा हात उजव्या हातानं उचलून त्या दांडीवर नेऊन ठेवला. "हा तं गिअरच हाय," म्हणाले. अंगठा थरथरला आणि पडद्यावरचा माणूस एक पाऊल चालला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. महिनाभरात तो अंगठा स्वतःहून पहिल्यांदा हलला होता.

दुसऱ्या दिवशी मी उबाळेकडे गेलो. बाबांना कुठल्या भागापासून बसवू, हे विचारायला. चौथ्यापासून बसवावं हे मला ठाऊक होतं. तरी गेलो. त्यानं चष्मा पुसला आणि नेहमीचं उत्तर दिलं. मी चाचरत म्हटलं, "गजूभाऊ, हात अधू आहे त्यांचा. चौथा सोपा नाही का पडणार?"

"सोपं देऊन मानूस बरा होते का? त्याइले पहिल्याच दरवाजात उभं कर. हात आपोआप चालीन." वर उदार होऊन त्यानं आपला जुना लॅपटॉप दिला. "याच्यात पाचही भाग हायेत. पन बाकीचे उघडजो नको."

मी उघडले नाहीत. त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं, इतकं सरळ.

पुढचे तीन आठवडे बाबा त्या दरवाजासमोर मरत होते. सकाळी चहा झाला की बसायचे. दांडी ढकलायची, चार पावलं चालायचं, पहारेकऱ्यानं भाला उचलायचा, राख. पुन्हा पहिल्यापासून. तो जुना भाग फार कडक आहे. अंगठा जरा उशिरा वळला की संपलं, आणि बाबांचा अंगठा उशिराच वळत होता. आधी ते शिव्या द्यायचे. दुसऱ्या आठवड्यात शिव्या बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी कंट्रोलर चेंडूशेजारी खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. ज्या हातानं गाडी कधी घासली नाई, तो हात गेला आता." हात परत मांडीवर पडला. आई आत निघून गेली.

मी उबाळेला जाऊन हे सांगितलं. त्यानं मान हलवली. "तुह्या बाबाले सबुरीच नाई," म्हणाला. चौतीस वर्षं पावसाळ्यात घाटातून भरलेली गाडी उतरवणाऱ्या माणसाला सबुरी नाही, आणि हे कोण सांगतंय, तर पंख्याचं बटण दाबायलाही जो स्वतः खुर्चीवरून उठत नाही, विद्यार्थ्याला सांगतो तो. मला संताप आला. पण मी "हो ना" म्हणालो आणि घरी आलो. त्या "हो ना"ची मला आजही लाज वाटते.

घरी आलो तर बाबा लॅपटॉपसमोर बसलेले. उजव्या हातानं काहीतरी चाळत होते. मला जवळ बोलावलं. "हे पाह्य. लॉगशीट सापडली." पडद्यावर जुन्या खेळांची यादी होती, कुठला भाग, कुठल्या तारखेला सुरू केला, किती तास खेळला, कुठे थांबला. बाबांनी ती यादी ड्रायव्हरच्या सवयीनं, तारखेवर बोट ठेवून वाचली. उबाळेनं सगळ्यात आधी उघडला होता चौथा भाग. सहाशे तास. त्यानंतर दोन वर्षांनी पहिला भाग. चार तास. थांबला तिथलं ठिकाण, पहिला दरवाजा. दुसरा, तिसरा आणि पाचवा त्यानं कधी उघडलेच नव्हते.

बाबा हसायला लागले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा इतकं हसताना पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अबे, हा तं डेपोच्या बाहेरच नाई पडला! अन् आपल्याले रूट सांगून राह्यला!" मला हसू आलं नाही. सात वर्षं मी ज्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो त्याच दरवाजावर चार तासांत हरला होता. नंतर त्यानं प्रत्येकाला तिथेच नेऊन उभं केलं, म्हणजे आपल्यापुढे कुणी जायला नको. माणूस हरतो यात काही नाही. पण हा माणूस आपल्या हरण्याची शाळा काढून बसला होता. मला त्याची कीव येत नाही. किळस येते.

त्याच संध्याकाळी बाबांनी चौथा भाग उघडला. घोडा मिळाला. समोर उताराचा रस्ता होता. बाबांनी दांडी हळूच पुढे ढकलली आणि आईला हाक मारली, "ये पाह्य, घाट उतरून राह्यलो." त्या दिवशी ते तासभर नुसते हिंडले, कुणाशी लढले नाहीत. आठवड्यात अंगठा पूर्ण वाकायला लागला. मग त्याच्या शेजारचं बोट, मग मधलं.

महिन्याभरानं उबाळे लॅपटॉप न्यायला घरी आला. बाबा खेळतच होते. पडद्याकडे बघून त्यानं ओठ मुडपले. "काका, मधूनच सुरू केलं का? पारायन कोनी मधून सुरू करते का?"

बाबा काही बोलायच्या आत आई चहाचा कप घेऊन आली. "मी केलं ना भाऊ," ती म्हणाली. "हे दवाखान्यात होते तवा पोथीतला मधलाच एक अध्याय वाचला. रोज. आजारी मानसासाठी तोच वाचतेत. पहिल्यापासून वाचाले टाईम कोनाले होता?"

"ते येगळं," उबाळे म्हणाला.

"काऊन येगळं?" आईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो चहाकडे बघत बसला.

बाबा शांतपणे म्हणाले, "उबाळे भाऊ, तुमी बी चौथ्यापासूनच निंघाले होते. मी पाह्यलं."

"ते दुसऱ्या कोनं खेळलं असंल. लॅबात कोनीबी हात लावते." एवढं बोलून त्यानं चहा संपवला आणि खेळ चालू असतानाच लॅपटॉप बंद करून बॅगेत घातला. बाबांनी महिनाभर खेळात जेवढी वाट कापली होती ती त्या लॅपटॉपमध्येच गेली. दारातून बाहेर पडताना मला म्हणाला, "मशीन लॅबात पाह्यजे हाय." दुसऱ्या दिवशी लॅबसमोरून जाताना मला आतून आवाज आला, "पहिल्यापासून." मी आत गेलो नाही. त्या दरबारात मी परत कधी बसलो नाही. रस्त्यात भेटला की मान हलवतो, तोही हलवतो.

बाबांनी माझ्या कम्प्युटरवर चौथा भाग नव्यानं सुरू केला. म्हणाले, रस्ता पाठ आहे. आता ते शर्टाची बटणं स्वतः लावतात, भाकरी मोडतात, आईला लसूण सोलून देतात. अंगठा आणि दोन बोटं परत आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली आहेत, ती तशीच राहणार. मी फिजिओथेरपीच्या मॅडमना एकदा बाबांच्या माघारी विचारलं, ते तीन आठवडे वाया गेले नसते तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

ते तीन आठवडे कुणामुळे गेले, हे बाबांनी मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी उबाळेचं नाव सांगितलं असतं, आणि ते खोटं झालं असतं.