देवरावकाकांचे आकडे, माझा प्रोग्राम

आमच्या राळेगावच्या जिनिंगमधला कापूस रोज उचलला जातो, किस्से मात्र साचतच राहतात. निम्मे वजनकाट्यावरच्या देवरावकाकांचे, उरलेले माझ्या प्रोग्रामचे.

कापसाचं वजन आणि ओलावा रजिस्टरऐवजी कॉम्प्युटरवर घ्यायचा, हे माझं काम. यंदाच पुण्याहून आलेले मॅनेजर साहेब म्हणाले, "पंधरा दिवस दोन्ही चालवा. चूक निघाली तर कॉम्प्युटर बंद." म्हणजे मीही बंद!

*

पहिल्याच दिवशी काकांनी मराठी कीबोर्डवरून '२४.५' टाकलं. स्क्रीनवर लाल अक्षरं: 'कृपया संख्या टाका.'

काका भडकले. "मंग हे का वांगं होय?"

प्रोग्रामला फक्त इंग्रजी आकडे ठाऊक होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला मराठी शिकवले.

*

दुसऱ्या दिवशी गोदामातला साठा: '1,25,000' किलो. प्रोग्राम पहिल्याच स्वल्पविरामाशी थांबला. सव्वा लाखाचा झाला एक किलो!

"पोरी, एकच किलो हाये तर गोदाम लग्नाले देऊन टाकू!"

मी चिडून प्रोग्रामला हुकूम दिला, दिसेल तो स्वल्पविराम उडव. फार हुशार समजत होते मी स्वतःला.

*

ओलावा मोजायचं मशीन युरोपातलं. तिकडे दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम. मशीनने '8,5' पाठवलं, प्रोग्रामने स्वल्पविराम उडवला आणि कापूस विकायला आलेल्या सविताबाईंचा ट्रॅक्टर फाटकावर अडला. ओलावा ८५ टक्के!

"मॅडम, म्या कापूस आणला का टरबूज?"

काकांनी कापसात हात घालून मूठ आवळली. "साडेआठ." बरोबर निघाले, याचाच मला जास्त राग आला. मशीनसाठी वेगळा नियम लिहिला, ट्रॅक्टर आत घेतला.

*

पंधराव्या दिवशी साहेब रजिस्टर नाचवत आले. "सापडली चूक! ही बैलबंडी बघा. कॉम्प्युटरमध्ये साडेतीन क्विंटल, रजिस्टरमध्ये तीनशे अकरा! तीनशे साडेसात क्विंटल कापूस खाल्ला तुमच्या प्रोग्रामने!"

मी रजिस्टर ओढून पाहिलं. काका जुन्या वळणाचे. अर्धा लिहायचा तर आकड्यापुढे दोन उभ्या रेघा. तिथे होतं '३॥'.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनीच विचारलं, "साहेब, बंडीले बैल होते का रेल्वेचं इंजिन?"

साहेबांनी अकरा समजून वाचलेल्या त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली माझ्या टेबलावर.

काकांनी चष्मा पुसला. "पोरी, आता साहेबाचंही अपडेट काढ!"