वाघोबाच्या वळणावर

आजीचे हात थरथरायला लागले आणि माझं देवाशी वाजलं. खोटं कशाला बोलू? मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर पायी जाऊन जिने नर्स म्हणून आयुष्यभर बायकांना बाळंतपणातून सोडवलं, तिचेच हात त्याने काढून घ्यावेत? निवृत्त झाली आणि कंपवाताने गाठलं. चहा ओठांपर्यंत नेईतो अर्धा बशीत! मला आई नव्हती, आजीनेच वाढवलं, म्हणून पहिल्या बाळंतपणाला मी तिच्याकडे सूर्यमाळला आले होते. मी देवाला बोल लावायचे आणि ती देव्हाऱ्यापुढे बसून हसायची. म्हणायची, "भांड, भांड. माणूस ओळखीच्याशीच भांडतं."

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. दिवस भरायला अवकाश होता, पण एका सकाळी कळा सुरू झाल्या. आजीने जव्हारच्या सलीमचाचांची जीप थांबवली आणि आम्ही दवाखान्याकडे निघालो. मी किंचाळत होते आणि आजी शांतपणे म्हणत होती, "ओरडायची ताकद जपून ठेव गं, पुढे लागेल."

घाटात वळणावर वाघोबाचं ठाणं आहे. वाघ कोरलेला, शेंदूर लावलेला दगड. चाचांनी तिथे चक्क जीप उभी केली! माझा संताप संताप झाला. "चाचा, माझा जीव चाललाय आणि तुम्ही दगडापुढे थांबता?"

"बेटी, त्याला सांगितल्याशिवाय इथून कोणी खाली उतरत नाही. माझे अब्बाही थांबायचे," म्हणत ते उतरलेसुद्धा. ते हात जोडतात न जोडतात तोच माझं पाणी गेलं. आजीने लुगड्याचा आडोसा करून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. बाळाचं डोकं दिसत होतं.

"आता जव्हार नाही. इथेच," ती म्हणाली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "माझ्या हातून निसटेल गं पोर." आजीला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवा, माझं काहीही कर, पण बाळाला सांभाळ, एवढंच मी पुटपुटत राहिले. भांडण कुठल्या कुठे गेलं.

ठाण्यापाशी लाकडाची मोळी टेकवून एक बाई बसली होती. ती उठून आली, जवळच्या कळशीतल्या पाण्याने हात धुतले आणि आजीला म्हणाली, "बाय, हात माझं घे. तोंड तुझं चालव."

आणि काय सांगू! आजीचा आवाज असा खणखणीत लागला की घाट ऐकत राहावा. "आता जोर नको, धापा टाक!" हे मला. मग तिला, "नाळ मानेभोवती आहे. बोट घाल, सैल कर, डोक्यावरून काढ. हां! आता येऊ दे." त्या बाईचे हात जराही चुकले नाहीत. बाळ बाहेर आलं, पण गप्प. "पुस, पाठ चोळ, चोळ!" आणि मग रडलं हो, अस्सं रडलं की चाचा पाठमोरेच "या अल्ला!" म्हणून खाली बसले.

बाईच्या कमरेला कोयता होता. आजी कडाडली, "नाळेला कोयता लावायचा नाही!"

बाई हसली. "आमच्या पाड्यात आता कोणी नाय लावीत. एक नर्सबाई फिरायची, तिनं सोडवलं ते."

"अगं, हीच ती!" चाचा तिकडे तोंड करूनच ओरडले.

बाईने आजीकडे पाहिलं, वाकून पाय धरले आणि आजी मोठमोठ्याने रडायला लागली. नाळ तशीच ठेवून, बाळाला माझ्या पोटावर गुंडाळून आम्ही जव्हार गाठलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढे पुष्कळ शोधली, सापडली नाही. तिला कोणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं, की त्या क्षणी माझ्या हाती काहीच उरलं नव्हतं आणि तरी सगळं नीट झालं.

दवाखान्यात नाळ कापल्यावर मी लेक आजीपुढे धरली. "नको गं, हात हलतात," ती मागे सरली. मी ऐकलं नाही, मांडीवर ठेवलीच. आजीचे हात थरथरत राहिले, बाळ त्या लयीत हलकेच डुलत राहिलं आणि बघता बघता गाढ झोपलं. आजी माझ्याकडे बघून इतकी हसली, इतकी हसली! आज ती नाही. पण देवाकडे कृतज्ञतेने हात जोडते, तेव्हा डोळ्यांपुढे तेच हसू येतं.