निरोगी नळ्यांचा रंग

माझी धाकटी जाऊ इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लग्न होऊन आली तेव्हा आम्हाला वाटलं, रक्त तपासत असेल. पण तिचं काम वेगळं. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचे आणि रंगवायचे. रंगवण्याआधी त्या काचपट्ट्या चक्क प्रेशर कुकरमध्ये उकळतात, नाहीतर रंग नीट धरत नाही. "घरी एक कुकर, तिकडे एक. माझी काही सुटका नाही," असं म्हणते. स्वभाव शांत. इतका, की कधी कधी आपलंच डोकं उठतं.

आमच्या नणंदेला, म्हणजे वन्संना, स्तनात गाठ लागली. सुईने काढलेले तुकडे जाऊकडेच गेले. तिने तिथल्या डॉक्टरबाईंना सांगितलं, ही माझी नणंद. त्या म्हणाल्या, "मग सगळ्यांचं करतेस तसंच कर." कर्करोग आहे हे लगेच कळलं. उरली एक तपासणी, आणि पुढचे उपचार तिच्यावर अडले होते.

ती तपासणी जाऊने मला भाजी निवडता निवडता समजावली. शाळेत केंद्रक आणि जनुकं शिकले होते, तेवढ्यावर भागलं. पेशीच्या केंद्रकात एक प्रथिन असतं. बाईच्या अंगातलं संप्रेरक त्याला येऊन चिकटलं, की ते जनुकांपाशी जातं आणि कुठली चालू करायची ते ठरवतं. निरोगी स्तनातल्या दुधाच्या नळ्यांमध्येही ते असतं. सगळ्या पेशींत नाही, काहींत. गाठीच्या पेशींत ते असेल तर रंगवल्यावर केंद्रकं तपकिरी दिसतात, आणि संप्रेरकाला अडवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. नसेल तर त्या गोळ्या फुकट. मग सलाईनमधून कडक औषधं.

मी रोज देवापुढे बसून तपकिरी रंग मागत होते. असलं मागणं त्यालाही नवीनच असेल.

अहवालाचा दिवस आला आणि गेला. वन्सं तपासण्यांसाठी आमच्याकडेच राहत होत्या. त्यांनी जाऊला धरलं.

"अगं, तू तिथेच बसतेस ना? मग माझाच कागद कुठे अडलाय?"

"वन्सं, पुन्हा रंगवावं लागणार आहे."

"का? पहिल्यांदा करपलं?"

"करपलं नाही. कच्चं राहिलं."

झालं होतं असं. पहिल्या खेपेला गाठीच्या पेशी कोऱ्या दिसल्या. पडताळ्यासाठी सोबत दुसरी एक काचपट्टी ठेवतात, हमखास गडद रंगणारी. ती नीट रंगली होती. म्हणजे 'प्रथिन नाही' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण डॉक्टरबाईंनी वन्संच्याच तुकड्याच्या कडेच्या निरोगी नळ्या पाहिल्या. त्याही कोऱ्या! तिथे थोडा तरी तपकिरी दिसायलाच हवा होता. जाऊने कुकर उघडून बघितला, तर झाकणाची रिंग सैल पडलेली. उष्णता पुरती लागलीच नव्हती. पडताळ्याच्या पट्टीत प्रथिन इतकं भरपूर, की ती तेवढ्यावरही रंगली.

"म्हणजे ते आहे की नाही, हेच कळलं नाही?" वन्संनी विचारलं.

"नाही कळलं. आणि मेणात आता थोडंच उरलंय. काप वाया गेले तर तुम्हाला परत सुई."

"मग घाई करू नकोस बाई," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

जाऊने नवी रिंग बसवली आणि काप घेतले. ते काप नुसत्या श्वासानेही उडतात म्हणे. एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली ती सरळ वन्संच्या पलंगावर जाऊन बसली.

"डॉक्टर उद्या सांगतीलच. त्यांना विचारूनच बोलतेय. निरोगी नळ्या छान रंगल्या. गाठ कोरीच आहे."

"म्हणजे गोळ्या नाहीत."

"नाहीत."

"एवढे दिवस घालवून तेच!"

मलाही जाऊचा राग आला. जरा गोड करून सांगायला काय झालं होतं?

"तेच नाही, वन्सं. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. ती औषधं सोपी नाहीत. उलट्या होतील, केस जातील. त्यात आणखी 'हे उगाच तर सोसत नाही ना' असं मनात यायला नको."

वन्संनी मांडीवरच्या टॉवेलची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, उद्या डॉक्टरांकडे तुम्ही दोघीही चला. मला ऐकू येईल, पण कळेलच असं नाही."

"मी रजा टाकूनच आलेय," जाऊ म्हणाली.