रेघेचं वजन

गजराअक्का कुणाच्याही घरी गेली की आधी बसायची नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहून ती भिंतींवरून, फळ्यांवरून, कोपऱ्यांवरून नजर फिरवायची आणि एखाद्या वस्तूकडे बोट करून विचारायची, "हे घोड्यावर चढंल का?" आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचं बोट वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांकडे गेलं. वडील कामगार संघटनेत होते. मोर्चा, सभा, संप, सगळ्यांची पत्रकं त्यांनी जपून ठेवलेली. मी अक्षरं त्यांवरच गिरवली होती. वडील काही बोलायच्या आत अक्कानंच उत्तर दिलं, "न्हाय चढायचं. घोडं मटकन खालीच बसंल." वडील हसले. मला हसू आलं नाही.

हा घोडा खरा होता. अक्का सांगोल्याकडच्या माळावरच्या मेंढपाळ घरात जन्मलेली. दिवाळी सरली की कळप चाऱ्याच्या मागं निघायचा आणि सगळा संसार एका घोड्यावर लादला जायचा. भांडी, घोंगड्या, पिठाचं गठुडं, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि त्यांच्या शेजारी दोरीनं आवळलेलं घरातलं सगळ्यात लहान मूल. काही वर्षं ते मूल म्हणजे अक्काच. "जे घोड्यावर चढलं न्हाय ते आमचं न्हवतंच," ती सांगायची. एकदा मी भारावून म्हणाले, किती सुंदर जगणं होतं तुमचं. तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "सुंदर कुटलं? पाट सोलून निगायची दोरीनं. तू त्येचं पत्रक काडू नगंस."

लग्न होऊन ती सोलापुरात आली, दुसऱ्यांच्या दुकानांत शिवण शिकली आणि मग पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, दोन खोल्यांत तिनं स्वतःचा कारखाना टाकला. तिथं शाळांचे गणवेश शिवले जायचे. माझी आई तिथं काज-बटणाला होती. अक्काच्या गळ्यात दोरीला कात्री लटकलेली असायची, आणि ती सतत फिरत असायची. जेवताना बायका गोल करून बसायच्या. ती कडक भाकरीचा तुकडा हातात घेऊन मशिनींमधून येरझाऱ्या घालायची. शिवून झालेला कपडा उचलायचा, झटकायचा, उजेडाला धरायचा आणि काय काढता येईल ते शोधायचं. "ही चुनी कशाला? ही गळ्याला बो कशाला? पोरगी मांजर हाय व्हय?"

तिच्या झग्याला पाठीवर चेन नसायची. बटणं पुढं आणि मोठी, म्हणजे पाच वर्षांची पोरगी आईला हाक न मारता झगा घालू शकेल. खिसा खोल, कारण पोरींनाही चिंचा ठेवायच्या असतात. आणि घेराखाली चार बोटं कापड आत दुमडून कच्च्या टिपेनं शिवलेलं. पोर वाढली की टीप उसवायची, दुमड सोडायची, झगा आणखी एक वर्ष चालतो. या दुमडीचा अक्काला फार अभिमान होता. बाजारातल्या गणवेशांत ती बोटभरही नसे. "कापड वाचवत्यात," ती म्हणायची, "पोरगी वाडायची थांबतीय का?"

पुढं वडिलांसारखी मीही पत्रकं लिहू लागले, आणि तीही अक्का अशीच उजेडाला धरायची. एकदा आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नव्हता. बायका कामं बुडवून घागरी मांडून बसायच्या. मी पेटून पत्रक लिहिलं आणि छापण्याआधी अक्काला वाचून दाखवलं. सुरुवात होती, 'शोषणावर पोसलेल्या व्यवस्थेच्या निर्ढावलेल्या पाइकांनो'.

"ह्यो पाईक कोन?" तिनं विचारलं. "आपल्या गल्लीतला हाय का?"

"नाही अक्का, पाईक म्हणजे जे लोक..."

"मग त्येला कशाला बोलावतीस? बाई घागर घिऊन हुबी हाय. तिला काय पायजे ते लिव."

आम्ही तासभर भांडलो. शेवटी पत्रकावर एकच ओळ उरली: 'पाणी कधी सोडणार ते आदल्या दिवशी कळवा.' मला ते पत्रक नागडं वाटलं. पण बायकांनी ते घरोघरी दारावर चिकटवलं, आणि पाण्याच्या टाकीवर गेल्यावर तिथल्या माणसाला त्या सगळ्याजणी तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणाल्या. आठवडाभरात चौकात पाण्याच्या वेळांचा फळा लागला. तेव्हापासून अक्का मला 'पत्रकवाली' म्हणू लागली. ती चिडवत होती की मान देत होती, मला कधी कळलं नाही.

मग कोटाचं काम आलं. एका खासगी शाळेनं गणवेश बदलायचं ठरवलं होतं. जाड कापडाचा, आतून अस्तर लावलेला कोट, खांद्यात गादी, गळ्याला टाय. सोलापुरात. मुख्याध्यापिका बाईंनी नमुना अक्काकडे पाठवला आणि सगळ्या शाळेचं काम देऊ केलं. त्या वर्षी अक्काच्या जुन्या शाळा एकेक करून मोठ्या कारखान्यांकडं गेल्या होत्या. निम्म्या मशिनींवर चादर टाकून ठेवलेली. हे काम सोडलं तर उरलेल्याही झाकाव्या लागणार, हे आईला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं.

अक्कानं कोट एकेकीला घालायला लावला. बाया हसत होत्या, एकमेकींना साहेब म्हणत होत्या. दुपारची वेळ. थोड्याच वेळात हसणं थांबलं आणि पदरानं गळे पुसणं सुरू झालं.

"घालायचा पोरांनी हाय अक्का," आई म्हणाली. "आपण शिवायचा. शिवू की."

"आई," मी म्हणाले, "हे तत्त्वात बसत नाही."

"तत्त्व काज-बटण लावतंय का ग?" आईनं कोट काढून माझ्या अंगावर टाकला.

अक्का कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. तिनं मुख्याध्यापिका बाईंना निरोप धाडला, पालकसभेत मला जरा वेळ द्या, मग काय ते सांगते. मी त्या सभेसाठी पत्रक छापलं. या वेळी तिला न दाखवता.

सभागृहात पंखे फिरत होते, वारा नव्हता. अक्का पुढं गेली. एका हातात शाळेचा कोट, दुसऱ्या हातात आपला झगा.

"बायांनो, ह्यो कोट मला शिवता येतोय. झ्याक शिवीन. पर पोरगं ह्येच्यात उकडंल, आनि फुडल्या वर्साला ह्यो आखूड हुईल. त्यापरीस ह्ये बगा." तिनं कात्रीच्या टोकानं टीप उसवली. दुमड सुटली आणि झगा चार बोटं खाली आला. "कापड त्येच, पोरगी मोटी."

काहींनी टाळ्या वाजवल्या. मी पत्रकं वाटायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून एक बाई उठली. रेणुका तिचं नाव. विड्या वळायची, तिची बोटं तंबाखूनं पिवळी झालेली. माहेर-सासर तेलुगू, पण मराठी आमच्यासारखंच.

"अक्का, माज्या थोरलीला तुमचाच झगा होता, पैल्या शाळेत."

"मग? टिकला का न्हाय?"

"टिकला की. तेच तर सांगायलेय." ती पुढं आली आणि अक्काच्या हातातल्या झग्याचा काठ तिनं धरला. "हा नवा हाय म्हणून कळंना. जुन्याची दुमड सोडली की हितं रेघ दिसतीय बगा. वरचं कापड विटलेलं, खालचं नवं. वर्गात पोरी त्या रेघंवर बोट ठिवून इचारायच्या, कितवं वरीस ग ह्या झग्याचं? लेक माजी दप्तर पोटाशी खाली धरून चालायची, रेघ झाकायला. वरीसभर."



"साधं घाला, साधं घाला," रेणुका म्हणाली, "आमी जन्मभर साधंच घालतोय अक्का. आमाला कोन इचारून साधं ठिवलंय? धाकटीला कोट घालू द्या. उकडलं तर उकडू दे."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. बाजार, दिखाऊपणा, खोटी प्रतिष्ठा. सगळे शब्द ओळीनं उभे होते. मी तोंड उघडलं, तर अक्कानं माझ्या हातातली उरलेली पत्रकं काढून घेतली आणि टेबलावर उपडी ठेवली. मुख्याध्यापिका बाईंना म्हणाली, "मला चार दिस द्या."

रिक्षात ती एकच गोष्ट बोलली. "इतकी वर्सं दुमड घातली ग. सोडलेली दुमड कवा बगितलीच न्हाय. कपडा हातातनं गेला की गेला, आपुन म्होरं."

पुढचे दिवस ती कारखान्यात दिसेना. आई म्हणाली, शाळा सुटायच्या वेळेला ती शाळांच्या फाटकापुढं उभी असते. मी जाऊन बघितलं. डोक्यावर पदर घेऊन ती रस्त्याच्या कडेला उभी होती आणि पोरींच्या गुडघ्यांकडं बघत होती. मी शेजारी उभी राहिले. मलाही रेघा दिसायला लागल्या. या रस्त्यानं मी रोज जात होते, आणि मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. कुणाच्या झग्यावर एक रेघ, कुणाच्या दोन. एक मोठी मुलगी रेघ झाकायला ओढणी खाली ओढत होती, एक भिंतीच्या बाजूनं चालत होती.  अक्काचा एक हात सारखा कात्रीशी चाळा करत होता.

चौथ्या दिवशी ती कापड घेऊन आली. शाळेच्या कोटातून तिनं आधी आपल्या सवयीनं काढायला घेतलं. अस्तर काढलं. खांद्यातली गादी काढली. जाड कापडाऐवजी पातळ सुती घेतलं, गळा मोकळा सोडला, टायला जागाच ठेवली नाही. तरी तो कोट होता. लांबून कुणीही कोटच म्हटलं असतं. मग, मी पहिल्यांदाच बघत होते, तिनं कपड्यात काहीतरी वाढवलं. बाहीच्या टोकाला पक्क्या रंगाची गडद निळी पट्टी, आणि त्या पट्टीवर एकाखाली एक टिपांच्या ओळी. दुमड आत, त्याच गडद कापडाची, तिच्यावरही तशाच टिपा. सोडली की पट्टी रुंद व्हायची, आणि दुमडीची रेघ टिपांच्या ओळीत कुठं गेली ते शोधून सापडायचं नाही.

"पण पट्टी रुंद दिसली की कळेलच ना," मी म्हणाले, "की जुना आहे."

"म्हणून नव्यातबी कुनाची बारीक ठिवायची, कुनाची रुंद. चिठ्ठ्या टाकल्यासारकं. श्रीमंताच्या पोरालाबी रुंद यील."

आईनं कोट हातात घेतला, वजन बघितलं आणि अक्काचंच वाक्य तिला परत केलं. "एवढी पट्टी, एवढ्या टिपा. घोड्यावर चढंल का हे?"

"चढंल की," अक्का म्हणाली. "पट्टीला असं कितीसं वजन? रेघंला लई हुतं."

मुख्याध्यापिका बाई बुचकळ्यात पडल्या. पट्ट्या लहानमोठ्या कशा, गणवेश म्हणजे सारखा हवा, असं त्या म्हणत राहिल्या. "सारकाच हाय बाई," अक्का पुन्हा पुन्हा सांगत होती, "पट्टी तेवडी येगळी." शेवटी पालकांनीच हट्ट धरला. रेणुकानं कोट धाकटीच्या अंगावर चढवला, पोरीनं बटणं स्वतः लावली, आणि काम आम्हाला मिळालं. मशिनींवरच्या चादरी निघाल्या.

मला तो कोट अजून पटत नाही. या गावच्या उन्हात पोराला कोटाची गरज नाही, हे मी आजही कुठंही उभी राहून सांगेन. पण साधेपणावर लिहायला बसले की रेणुकाचा प्रश्न मध्ये येतो, कोन इचारून साधं ठिवलंय, आणि माझं वाक्य तिथंच अडतं. अक्काशी यावर मी बरेचदा वाद घातला. ती म्हणायची, "काडायचं ते काडच. पर ज्येच्या अंगावर हाय, त्येला इचारून काड."

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आजार लांबला नाही. तिच्या पुतण्यानं चौकात मोठा फ्लेक्स लावायचा ठरवला, वर कमळं, बाजूला समया, आणि मजकूर लिहायला मला बोलावलं. मी बसले. कष्टाळू, झुंजार, उपेक्षितांची आई, असं लिहीत गेले आणि खोडत गेले. शेवटी तिचं नाव उरलं आणि खाली 'गणवेश शिवायची'. पुतण्या नाराज झाला. फ्लेक्स त्यानं लावला, कमळांसकट. माझी एक ओळ त्यात नीट शोधावी लागते.

परवा शाळा सुटायच्या वेळेला मी त्या फाटकापाशी थांबले. कोट घातलेली पोरं लोंढ्यानं बाहेर पडली. मी बाह्या बघू लागले, कुणाची दुमड सुटलेली, कुणाचा कोट कालच आणलेला. कुणाची पट्टी बारीक, कुणाची रुंद. खूप बघितलं, मला ओळखता येईना. गर्दीतून रेणुकाची धाकटी पळत आली. तिच्या कोटाचं हे तिसरं वर्ष. मला ओळखून तिनं दोन्ही हात वर करून हलवले. दप्तर तिच्या पाठीवर होतं.