काकूंना न येणारी गाठ

आमच्या परदेशीपुऱ्यातल्या काकूंइतकी हातांनी वेंधळी बाई उभ्या इंदुरात झाली नसेल, आणि त्यांच्याइतकी मोठी बाईही मी दुसरी पाहिली नाही. महूच्या फौजी घरातल्या, ताठ चालीच्या. नोकरी एका दवाखान्यात, मन आजारलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना सावरण्याची. पण दवाखान्यातल्या खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. "टेबलाच्या पलीकडे बसला की माणूस पेशंटच होऊन जातो रे," म्हणायच्या आणि चपला सरकवून थेट लोकांच्या घरी जाऊन धडकायच्या. तिथे सल्ला वगैरे काही नाही. ज्याला बरं नाही त्याच्यासमोर मांडी घालून त्याचंच काम शिकायला बसायच्या. हलवायाकडून जिलबी, शिंप्याकडून काज, एका गुमसुम म्हातारीकडून गराडूच्या कंदाच्या फोडी तळणं. शिकून होत काहीच नसे. जिलब्या गल्लीभर वाटल्या जात आणि आम्ही निमूटपणे खात असू. एकीनं तर माझा दात हलवला. काज एवढं मोठं करायच्या, की बटण आपणहून बाहेर यायचं. पण तो हलवाई पुन्हा कढईपुढे बसू लागला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मिल बंद पडली तेव्हा माझे वडील विणाई खात्यात होते. काही दिवस डबा घेऊन बंद फाटकापर्यंत जाऊन आले, मग घरातच बसले आणि बोलणं थांबलं. हळूहळू जेवणही सुटत चाललं. आम्ही त्यांना जिवापाड जपत होतो. पाण्याचा पेलासुद्धा हातात देत होतो, "बाबा, तुम्ही आराम करा" हे दिवसातून वीसदा म्हणत होतो. आई खजरान्याच्या गणपतीला साकडं घालून आली. बाबा आता राहत नाहीत, असंच मला वाटत होतं, आणि मी फार घाबरलो होतो.

काकू आल्या त्या बाबांकडे न बघता आधी आमच्यावरच उखडल्या. "मिलनं एकदा घरी बसवलं, तुम्ही रोज बसवता! काम सांगा त्यांना, भिया. भाजी निवडायला द्या, चुकली तर भांडा." मग पर्समधून सुताचं रीळ काढून बाबांसमोर बसल्या. "दादा, सुनो ना, धागा तुटला तर तुम्ही गाठ कशी मारता? माझी तो टिकतच नाही." बाबा भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मग दर गुरुवारी येऊन तेच. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी असा काही गुंता केला, की चार महिन्यांत बाबा पहिल्यांदा बोलले, "अरे ऐसे नहीं, बाई! इकडे आणा ते." आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. त्या दिवशी बाबांनी पोळी मागून घेतली.

पुढे ते एका कापडाच्या दुकानात कामालाही लागले, पण दर गुरुवारचा वर्ग काही चुकला नाही, तो अगदी बाबा असेपर्यंत. "इतकी मठ्ठ चेली खात्यात असती तर मीच घरी पाठवली असती," असं ते काकूंच्या तोंडावर म्हणायचे, आणि गुरुवारी सकाळीच दाढी करून दाराकडे डोळे लावून बसायचे.

बाबा गेले ते बऱ्याच वर्षांनी, पिकल्या वयात. तेराव्याला काकू आल्या. कोनाड्यातलं रीळ घेतलं, धागा तोडला आणि न बघताच चुटकीसरशी गाठ मारली. ओढून पाहिली. सुटली नाही.

"काकू, ही कधी आली तुम्हाला?"

"तुझे बाबा बोलले ना, त्याच दिवशी. फार छान शिकवायचे रे."

"आणि जिलबी?"

"ती मात्र सच्चीमुच्ची येत नाही." काकू हसल्या, मग रिळाकडे बघत राहिल्या. "आता गुरुवारचं काय करू, ते तू सांग."

बाबांकडून ती गाठ मी कधी शिकलोच नव्हतो. मी काकूंसमोर मांडी घालून बसलो आणि म्हटलं, "काकू, मला दाखवा ना."